सैकच्या पठारावरचे तीन तास

एकतीस वर्षं मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. लोकवस्तीच्या वितरणाचा धडा तर इतक्यांदा शिकवला की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: जमीन, पाणी, हवामान, वाहतूक. डोंगराळ भागात वस्ती विरळ का असते, दोन गुणांसाठी कारणे द्या. पोरं पाठ करायची, गुण मिळवायची आणि विसरायची. शिकवणाऱ्या बाईंनीही दोन हजार मीटरवरच्या गावात कधी एक रात्र काढली नव्हती. परत आल्यापासून शाळेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतायत, "ओमान म्हणजे वाळवंटच ना गं?" फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून काढते आहे. यात डोंगर आहे, तशी मीही आहे. माझ्याबद्दल लिहिताना हात अडखळतो, पण लिहिणार.

माझा मुलगा प्रशील मस्कतला इंजिनियर आहे. घर अल खौदमध्ये. सून रश्मी पुण्याची, एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. नात आर्या आठ वर्षांची. इंग्रजी फाडफाड आणि मराठी दर वाक्याला ठेचा खात. हे गेल्यानंतर तीन वर्षांनी मी पहिल्यांदा मुलाकडे राहायला गेले. सप्टेंबर होता. मस्कतमध्ये सकाळी आठलाही बाल्कनीचं दार उघडवत नव्हतं. म्हातारीचा जीव या उकाड्यात गुदमरतोय असं वाटून प्रशीलने जबल अखदरचा बेत केला. हिरवा डोंगर! वर डाळिंबं पिकलेली असतात, हवा थंड असते. मला काय, नकाशात पाहिलेलं ठिकाण पायाखाली येणार म्हणून मी लगेच बॅग भरली.

शुक्रवार, बिरकत अल मौझ

डोंगराच्या पायथ्याचं हे गाव केळीच्या बागांचं. गावाच्या पुढे पोलिसांची चौकी आहे आणि साधी गाडी असेल तर तिथूनच परत पाठवतात. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी लागते. प्रशीलने मित्राची तशी गाडी मागून आणली होती. तरुण पोलिसाने लायसन्स पाहिलं, टायर पाहिले आणि मग प्रशीलच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"यू ओके?"

"ओके, ओके. नाइट शिफ्ट," प्रशील हसून म्हणाला.

"उतरते वेळी गिअर खाली ठेव. ब्रेक नाही, गिअर. यल्ला, निघा."

पोलिसाचं चुकत नव्हतं. प्लांटचं मोठं दुरुस्तीचं काम चालू होतं आणि पंधरा दिवस प्रशील धड झोपला नव्हता. नाक वाहत होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. तो म्हणाला, "आई, पुढच्या आठवड्यात डाळिंबं थांबणार हाय का तुझ्यासाठी?" नागपूर सोडून पंधरा वर्षं झाली तरी आईशी बोलताना नागपूर बाहेर येतंच.

रस्ता मात्र असा की तोंडातली सुपारी गिळावी. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ब्रेक गेले तर गाडी घुसवायला जागोजागी खडीचे चढ करून ठेवलेले. ते पाहून धीर यायला हवा होता. मी उलट खिडकीबाहेर बघणंच सोडलं. रश्मीने दोन्ही हातांनी सीट धरली होती. आर्याचे कान बंद झाले म्हणून ती ओरडून बोलत होती. मी गाडीतल्या तापमानाच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. खाली एकोणचाळीस, वर पोचलो तेव्हा अठ्ठावीस. पुस्तकात उंचीबरोबर तापमान उतरण्याचा जो नियम आहे त्यापेक्षा हे थोडं जास्तच उतरलं. मी ते सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

सैक

वर गेल्यावर डोंगर संपतो आणि सपाटी लागते. हेच सैकचं पठार. मला वाटलं होतं चार दगडी घरं आणि शेळ्या असतील. तिथे शाळा आहे, बँक आहे, पेट्रोल पंप आहे, छोटं हॉस्पिटल आहे, रंगवलेल्या घरांच्या रांगा आहेत, आणि दरीच्या काठावर श्रीमंतांची हॉटेलं. शहर म्हणावं तर माणसं दिसत नाहीत, गाव म्हणावं तर रस्ते शहरासारखे रुंद. मधूनमधून जुने, पिळवटलेले जुनिपर वृक्ष उभे. वर्गात असते तर याला काय म्हणावं यावर मी एक तास घेतला असता.

आम्ही सालिम नावाच्या गृहस्थांकडे उतरलो. साठीचे, उंच, पांढऱ्या दाढीचे. उमेदीची वीस वर्षं मस्कतच्या रुवी भागात नोकरीत काढली, त्यामुळे हिंदी छान. आता स्वतःची डाळिंबाची बाग आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी. तिथे आधी खजूर आणि मग बिनदुधाची, वेलदोड्याचा वास असलेली कॉफी. कप एवढासा. रिकामा झाला की सालिम भरायचे. मी भिडेखातर सहा कप प्यायले. सातव्याला रश्मी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, कप नुसता हलवायचा. म्हणजे पुरे." हे तिने पहिल्या कपाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी सालिमना विचारलं, या डोंगरावर लोक किती? माणसं कमी होतायत की वाढतायत? त्यांना हा प्रश्न फार आवडला. ते बोटांवर एकेक घर मोजायला लागले. कड्यावरच्या त्यांच्या जुन्या गावात लहानपणी प्रत्येक घरातून धूर निघायचा. आता बरीच कुलपं. मोठा मुलगा मस्कतला, मुलगी डोंगराखालच्या निझवा शहरात, आणि मधला हमद, तोही निझवाला, आत्याकडे.

"हमद को भेजना पड़ा, अम्मा," ते म्हणाले. "उसको ऊपर का हवा नहीं चलता. खून में बीमारी है. ठंडी में यहाँ बहुत दर्द होता था. बाप का घर ऊपर, बेटा नीचे."

कप ठेवता ठेवता सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं. कसली बीमारी हे मी विचारलं नाही. एरवी मी फार चौकस बाई आहे. मैत्रिणी साक्षीला आहेत. त्या वेळी मात्र मी विषय बदलून पावसाबद्दल विचारलं.

शनिवार, कड्यावरची गावं

सकाळी सहालाच निघालो. अल अक्र, अल ऐन, शिरैजा ही तीन गावं कड्याला चिकटून आहेत, आणि एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं. घरांच्या खाली दरीत उतरत गेलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. कोणीतरी कितीतरी पिढ्या पाठीवरून माती वाहून हे वाफे केले असणार. डोंगरातलं पाणी अरुंद दगडी पाटाने येतं. त्याला फलज म्हणतात. कोणाच्या बागेत किती वेळ पाणी हे ठरलेलं असतं. एक म्हातारा पाटातला दगड उचलून दुसरीकडे ठेवत होता, तेवढ्याने पाणी वळलं. वस्ती पाण्यामागे जाते हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि इथे एक माणूस ते एका दगडाने करत होता.

आर्या थकली तसं प्रशीलने तिला खांद्यावर घेतलं. खाली उतरणं सोपं होतं. परतताना सरळ चढ, ओबडधोबड पायऱ्या, वर ऊन. सालिमच्या चुलतभावाने दिलेली डाळिंबाची पिशवी एका हातात. पाण्याच्या बाटल्या गाडीत राहिल्या होत्या. मी तीनदा म्हटलं की पोरीला खाली उतरव. तो "हो, हो" म्हणत चढत राहिला.

रश्मी आणि मी मागून गाडीपाशी पोचलो तर आर्या धावत माझ्याकडे आली. "आजी, बाबा नॉट ओके. तो असा, असा वाकून बसलाय."

प्रशील चाकाला टेकून बसला होता. डावीकडे, बरगड्यांच्या खाली, मूठ दाबून धरलेली. चेहरा राखेसारखा. घशाशी येतंय म्हणाला आणि ओकला. कपाळ हाताला गार लागलं.

"गॅस झाला असेल," मी म्हटलं.

मला त्याच क्षणी दुसरं काहीतरी आठवलं होतं, तरी मी गॅस म्हटलं.

प्रशील आठवीत असताना शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. आमच्या विदर्भात सिकलसेल घराघरात आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. प्रशीलचा रिपोर्ट आला: वाहक. शिबिरातल्या डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तो आजारी नाही. एरवी काही होणार नाही. पाणी भरपूर प्यायला सांगा, उंच डोंगरावर दमछाक करून घ्यायची नाही, आणि लग्न ठरवताना समोरच्यांना नक्की सांगा." मी मान हलवली. घरी येऊन प्रशीलला सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. पुढे बारा वर्षांपूर्वी रश्मीचं स्थळ आलं तेव्हा माझ्या मानलेल्या भाचीचं ठरलेलं लग्न याच एका शब्दाने मोडल्याला सहा महिनेही झाले नव्हते. रश्मीचे आईवडील पुण्याचे, त्यांना वाहक आणि रोगी यातला फरक कोण समजावणार, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मुलगी मला फार आवडली होती आणि ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

खोलीवर आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. रश्मी म्हणाली, "आपण खाली मोठ्या हॉस्पिटलला जाऊ या. मी चालवते." मी म्हटलं, "अगं, असल्या रस्त्यावर ओकारी होणाऱ्या माणसाला नेतात का? पडू दे जरा." मी ओवा आणि काळं मीठ चावायला दिलं. पोटाला तेल लावलं. डावीकडे हात लागला की तो विव्हळायचा. मी हात उजवीकडे न्यायचे.

साडेनऊ. दुखणं डाव्या खांद्यात गेलं. रश्मी फोनवर लक्षणं शोधत होती. "आई, अपेंडिक्स उजवीकडे असतं ना? मग हे काय आहे?" मी म्हटलं, चढण्याचा ताण आला असेल, बरगडीत उसण भरली असेल. प्रत्येक वेळी माझ्याकडे नवं उत्तर तयार होतं. इतकी वर्षं तोंडी परीक्षा घेतल्याचा हा उपयोग.

साडेदहा. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि श्वास लहान-लहान घेत होता. मी स्वतःला सांगत होते, वाहकाला काही होत नाही, डॉक्टर बाईच म्हणाल्या होत्या. त्यांचं डोंगराबद्दलचं वाक्य मनात आलं की मी उठून त्याचं पांघरूण नीट करायचे. मला भीती कोणाची जास्त होती ते आज लिहून टाकते. मुलाच्या जिवाइतकीच मला सुनेच्या तोंडाची भीती होती. हे लिहिताना लाज वाटते आहे.

साडेअकराला सालिम लिंबाचा चहा घेऊन दारात आले. प्रशीलची मूठ कुठे आहे ते पाहिलं आणि कप तिथेच जमिनीवर ठेवला.

"किधर दर्द? इधर? कंधे में भी?"

प्रशीलने मान हलवली.

"सिकल है? घर में किसी को सिकल है? मेरा हमद ऐसे ही पकड़ता है."

"नहीं, नहीं," रश्मी म्हणाली. "हमारे यहाँ किसी को नहीं." आणि सहज, खात्री करून घ्यावी तसं, माझ्याकडे वळली. "आई, नाही ना?"

बाहेर आर्या डाळिंबाचे दाणे ताटलीत मोजत होती, वीस, एकवीस, बावीस.

"आहे," मी म्हटलं. "प्रशीलला आहे. वाहक आहे तो."

रश्मी माझ्याकडे बघत राहिली. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तो आठवीत होता तेव्हापासून."

तिने गाडीची किल्ली उचलली, आर्याला हाक मारली. सालिमनी प्रशीलला खांद्याचा आधार दिला. हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. पाच मिनिटांवर, आणि मी त्याला तीन तास ओवा चावायला लावला होता.

तिथले डॉक्टर सुदानचे होते. रश्मीने दारातच सांगितलं, "ही इज सिकल सेल कॅरियर." एका वाक्यात. डॉक्टरांनी लगेच प्राणवायू लावला, सलाइन लावलं, पोटाला हात लावून पाहिलं. डाव्या बरगड्यांखाली असते त्या प्लीहेचं रक्त अडलं असावं, म्हणाले. उंची, दमछाक, पाणी कमी, झोप कमी, अंगात सर्दी. सगळं एकत्र जमलं. आता औषधापेक्षा आधी खाली नेणं महत्त्वाचं. "व्हाय सो लेट?" त्यांनी विचारलं. रश्मी प्रशीलचे बूट काढत राहिली. मीच म्हटलं, "माय मिस्टेक."

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ रश्मी बसली. मागे सालिम प्रशीलच्या मित्राची गाडी चालवत होते, आर्या आणि मी त्यात. खालचा गिअर, ब्रेकला क्वचितच पाय. वळणावर ॲम्ब्युलन्स दिसेनाशी झाली की मी पुढे वाकून काचेतून तिला शोधायचे. आर्याने विचारलं, "बाबा मरणार?" मी तिला जवळ घेतलं आणि खरं तेच सांगितलं, "मला माहीत नाही गं."

सालिम रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "इन्शाल्ला ठीक होगा. नीचे हवा भारी है."

निझवा

खाली उतरल्यावर दोन तासांत त्याच्या ओठांना रंग आला. प्लीहेला थोडी इजा झाली होती, पण ऑपरेशन लागलं नाही. पाच दिवस ठेवलं. निझवा मी फारसं पाहिलं नाही. किल्ल्याचा बुरूज हॉस्पिटलच्या वाटेवरून दिसायचा तेवढाच. हमद रोज संध्याकाळी यायचा. विशीतला, बारीक, बापासारखाच हसणारा. आत्याच्या घरून भात-मटणाचा डबा आणायचा. आपल्या दुखण्याबद्दल तो क्रिकेटबद्दल बोलावं तसा बोलायचा. प्रशील तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, बाकीच्यांचं जाऊ दे. मला तरी सांगायचं होतं." मी त्याच्या पायाशी बसून रडले. त्याने रडू दिलं.

रश्मी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चहा हवा का. औषध घेतलं का. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

अल खौद

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती आर्याला रक्त तपासायला घेऊन निघाली. दारात थांबली आणि म्हणाली, "आई, तुम्हीही चला."

"माझं कशाला? हे तर यांच्या..." मी वाक्य अर्धं सोडलं.

हे यांच्या घराण्यातलं, असं मी पंचवीस वर्षं धरून चालले होते. कधी तपासलं नव्हतं. प्रशीलच्या लग्नाच्या वेळी हे म्हणाले होते, मुलीकडच्यांना सांगून टाकू, जे होईल ते होईल. तेव्हा मी म्हटलं होतं, "तुमच्याच रक्तातलं आहे, आणि तुम्हीच तोंड वर करून सांगणार?" त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढच्या गुरुवारी रिपोर्ट फोनवर आले. रश्मीने वाचून दाखवले, एका सुरात. रश्मी, काही नाही. आर्या, वाहक. मी, वाहक.

म्हणजे प्रशीलला ते माझ्याकडूनच आलं असणार. यांची माफी मागायची तर माणूस कुठे होता.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. रश्मीच्या आई. फोन आर्याने घेतला आणि मी कोथिंबीर निवडत होते तिथे, सोफ्यावर, माझ्याशेजारी येऊन बसली.

"पुणे-आजी, तुला माहितेय? माझ्या ब्लडमध्ये सिकल आहे. बाबांकडून आलं. आणि बाबांना ना, नागपूर-आजीकडून आलं. इट्स ओके, फक्त पाणी प्यायचं खूप. आणि डोंगरावर पळायचं नाही."

"काय म्हणतेय गं ही?" पलीकडून आवाज आला. "सिकल काय? रश्मी कुठे आहे?"

'काही नाही हो, शाळेतलं काहीतरी सांगतेय.' वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. हातही फोनकडे गेला होता. रश्मी ओट्यापाशी पोळ्या करत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण लाटणं थांबलं होतं.

मी फोन घेतला.

"जय भीम, ताई. आर्या बरोबर सांगते आहे. हे मी तुम्हाला लग्न ठरताना सांगायला हवं होतं. मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम लपवलं. प्रशीलच्या बाबांना सांगायचं होतं, मी त्यांनाही बोलू दिलं नाही."

रश्मीने गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसली.